जेम५ च्या रिग्रेशन टेस्ट कधी पास, कधी फेल: दोष शोधायचा क्रम

जेम५ हा संगणकाचं हार्डवेअर सॉफ्टवेअरमध्ये चालवून दाखवणारा सिम्युलेटर, आणि रिग्रेशन टेस्ट म्हणजे नव्या बदलाने जुनं काही बिघडलं नाही ना, हे आधीच्या आकड्यांशी ताडून पाहणारी टेस्ट. आधी लक्षणं. यातलं एक जरी जुळत असेल तर पुढची तपासणी तुमच्यासाठी आहे.

- कोडला हात लावलेला नाही, तरी तीच टेस्ट सकाळी पास आणि दुपारी फेल.
- स्वतःच्या मशीनवर पास, सीआय सर्व्हरवर (बदलांनंतर आपोआप टेस्ट चालवणाऱ्या मशीनवर) फेल.
- गेस्ट प्रोग्रॅमचं (सिम्युलेटरच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमचं) आउटपुट अक्षरन् अक्षर बरोबर, पण स्टॅट्समधले (सिम्युलेटरने मोजलेले) आकडे दशांशात किंवा शे-दोनशे टिकांनी (सिम्युलेशनमधल्या वेळेच्या एककांनी) सरकलेले.
- एकटी चालवली की पास, सगळ्या संचाबरोबर समांतर चालवली की फेल.
- ऑप्ट बिल्डमध्ये (आतल्या तपासण्या चालू) एक उत्तर, फास्ट बिल्डमध्ये (तपासण्या काढलेल्या) दुसरं.
- आकडे जुळायचा प्रश्नच नाही, सिम्युलेटर मध्येच कोसळतो.

मूळ गृहीतक एकच. जेम५ हा घटनांच्या रांगेवर चालणारा सिम्युलेटर आहे. त्याचा टिक डिफॉल्टने एक पिकोसेकंदाचा, आणि रांगेतली पुढची घटना कोणती हे टिक, प्राधान्य आणि रांगेत टाकण्याचा क्रम यांवरून ठरतं. बायनरी तीच, कॉन्फिगरेशन तेच, इनपुट तेच असेल तर दोन्ही वेळच्या सिम्युलेशनचे आकडे शेवटच्या अंकापर्यंत सारखे यायला हवेत. 'थोडाफार फरक चालतोच' हे इथे चालत नाही. फरक आला म्हणजे या तिघांपैकी काहीतरी गुपचूप बदललं आहे, किंवा सिम्युलेटरमध्ये दोष आहे. म्हणून कारण कळेपर्यंत रेफरन्स आकडे (टेस्ट ज्यांच्याशी तुलना करते ते) अपडेट करू नका. टेस्ट हिरवी होते, पण दोष रेफरन्समध्ये जाऊन बसतो आणि पुढच्या वेळी बरोबर कोडलाच फेल ठरवतो.

१. एक्झिट कोड आणि शेवटच्या दहा ओळी

याला एक मिनिट लागतं, तरी निम्मे लोक हे न करता थेट डीबगर उघडतात. एक्झिट कोड १३४ म्हणजे अबॉर्ट: असर्ट (कोडमधली 'हे खरं असायलाच हवं' ही तपासणी) तुटला किंवा पॅनिक झालं. १३९ म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट. १३७ म्हणजे बाहेरून कोणीतरी प्रोसेस मारली, बहुतेक वेळा मेमरी संपल्यामुळे कर्नलने. टेस्ट चालवणारी पायथन स्क्रिप्ट हेच कोड उणे ६, उणे ११, उणे ९ असे दाखवू शकते, अर्थ तोच.

जेम५ मध्ये फेटल आणि पॅनिक हे शब्द मुद्दाम वेगळे ठेवलेले आहेत. फेटल म्हणजे चूक वापरणाऱ्याची: पॅरामीटर चुकला, फाइल सापडली नाही. अशा वेळी एक्झिट कोड १ येतो. पॅनिक म्हणजे जे कधीच घडायला नको ते सिम्युलेटरमध्ये घडलं. फेटल दिसलं तर सी++ कोड वाचत बसू नका, कॉन्फिग स्क्रिप्ट आणि फाइलींचे पत्ते पाहा.

१३७ आला तर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) मेमरीची ओळ शोधा. टेस्ट एकटी पास आणि संचात फेल होण्यामागे बहुधा हेच असतं. समांतर टेस्टची संख्या अर्ध्यावर आणून पुन्हा चालवा. बिल्डच्या वेळी लिंकर (तुकडे जोडून बायनरी बनवणारा) मरत असेल तर एस्कॉन्सला (जेम५ बिल्ड करणाऱ्या साधनाला) समांतर कामं कमी द्या. लिंकरची मेमरी मर्यादित करणारा पर्यायही त्यात आहे.

२. नेमकी कोणती ओळ बदलली?

दोन्ही स्टॅट्स फाइलींचा डिफ काढा आणि 'होस्ट'ने सुरू होणाऱ्या ओळी आधी बाजूला करा. होस्टसेकंड्स, होस्टमेमरी, होस्टइन्स्टरेट, होस्टटिकरेट हे आकडे तुमच्या मशीनचा वेग आणि मेमरीचा वापर सांगतात आणि दर वेळी वेगळेच येणार. तुलना करणारी स्क्रिप्ट घरगुती असेल तर इथेच गफलत असते: जुन्या आवृत्त्यांत या नावांत अधोरेषा होती, नंतर नावं जोडून लिहिली जाऊ लागली. जुनी स्क्रिप्ट जुनंच नाव गाळत राहते आणि नव्या नावाची ओळ तिच्या हातून निसटते. स्टँडर्ड आउटपुटच्या सुरुवातीला छापल्या जाणाऱ्या बिल्डची तारीख, सुरू होण्याची वेळ आणि प्रोसेस क्रमांक यांचंही तसंच. त्या ओळी तुलनेत घ्यायच्या नाहीत.

उरलेल्या ओळींत पहिल्यांदा दोनच पाहा: सिमइन्स्ट्स (राबवलेल्या सूचनांची, म्हणजे इन्स्ट्रक्शनची, संख्या) आणि सिमटिक्स (लागलेले टिक).

सूचनांची संख्या तीच आणि टिक वेगळे असतील तर प्रोग्रॅम त्याच वाटेने गेला, फक्त लागलेला वेळ बदलला. म्हणजे संशय कॅशे, मेमरी कंट्रोलर, पाइपलाइन, ब्रँच प्रेडिक्टर यांच्यावर. सूचनांची संख्याच बदलली असेल तर गेस्ट प्रोग्रॅमने वेगळी वाट धरली: इनपुट बदललं, सिस्टिम कॉलने वेगळं उत्तर दिलं, किंवा एखादी सूचना चुकीची राबवली गेली. मात्र ही फोड सिस्टिम कॉल एम्युलेशन मोडमध्ये (जिथे ऑपरेटिंग सिस्टिमऐवजी जेम५ स्वतः तिचे कॉल हाताळतो), एकाच थ्रेडच्या प्रोग्रॅमला लागू होते. फुल सिस्टिम मोडमध्ये (जिथे आख्खी ऑपरेटिंग सिस्टिम आत चालते) वेळ सरकली की टायमर इंटरप्ट वेगळ्या जागी येतो, स्पिनलॉकवर (कुलूप मोकळं होईपर्यंत फिरणाऱ्या लूपवर) कमीजास्त फेऱ्या होतात, आणि सूचनांची संख्याही आपोआप हलते. तिथे फक्त संख्येवरून निष्कर्ष काढू नका.

३. कॉन्फिग.आयएनआय चा डिफ

प्रत्येक रनच्या आउटपुट फोल्डरमध्ये ही फाइल तयार होते. सिम्युलेटरने प्रत्यक्षात कोणते ऑब्जेक्ट कोणत्या पॅरामीटरने उभे केले, त्याची ती नोंद. स्क्रिप्टमध्ये काय लिहिलं आहे यापेक्षा इथे काय उतरलं आहे ते महत्त्वाचं. फोल्डरचे पत्ते सोडून काहीही फरक दिसला तर पुढच्या पायऱ्या सोडा, दोष इथेच आहे.

नेहमी सापडणारा प्रकार: कॉन्फिग स्क्रिप्टमध्ये कोणीतरी पायथनच्या सेटवर लूप फिरवला आहे. पायथन ३.३ पासून स्ट्रिंगचं हॅश दर रनला नव्या सीडने बनतं, त्यामुळे स्ट्रिंगांच्या सेटचा क्रमही बदलतो. पोर्ट वेगळ्या क्रमाने जोडले जातात आणि बसवर कोणाला आधी संधी मिळते ते बदलतं. पायथनहॅशसीड हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ० ठेवून पाच वेळा चालवा. आकडे स्थिर झाले तर कारण सापडलं. दुरुस्ती मात्र स्क्रिप्टमध्ये सॉर्टेड लावून करायची. व्हेरिएबल कायमचा ० ठेवणं म्हणजे दोष झाकणं.

४. बायनरी खरंच ताजी आहे का?

आउटपुटच्या सुरुवातीची बिल्डची तारीख वाचा. टेस्ट रनरला 'बिल्ड वगळा' हा पर्याय दिलेला राहून गेला की नवा कोड आणि जुनी बायनरी अशी जोडी चालत राहते. होस्टवरचं पायथन अपग्रेड झालं असेल तर जुनी बायनरी सुरूच होत नाही, कारण तिच्यात पायथनची लायब्ररी जोडलेली असते. एलडीडी (बायनरीला लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी कमांड) चालवलं की 'नॉट फाउंड' दिसतं. अशा वेळी बिल्ड फोल्डर पूर्ण काढून नव्याने बिल्ड करा.

मग ऑप्ट आणि फास्ट दोन्ही बिल्डमध्ये तीच टेस्ट चालवून पाहा. फास्टमध्ये असर्ट आणि डीबग छपाई दोन्ही काढून टाकलेली असतात. त्यामुळे दोन शक्यता राहतात. ऑप्ट असर्टवर थांबतो आणि फास्ट 'पास' होतो: दोष खरा आहे, फास्ट फक्त तो बघत नाही. दोन्ही शेवटपर्यंत जातात पण आकडे वेगळे येतात: असर्टच्या कंसात किंवा डीप्रिंटएफच्या (डीबग छपाईच्या) आर्ग्युमेंटमध्ये कोणीतरी स्थिती बदलणारं फंक्शन बोलावलं आहे. काउंटर वाढवणं, रांगेतून पॉप करणं, असलं काहीतरी. नुकत्याच बदललेल्या फाइलींत असर्टच्या ओळी नजरेखालून घाला. हा शोध अर्ध्या तासाचा आहे.

५. टेस्टच्या फाइली आणि जागा

टेस्टचे प्रोग्रॅम आणि डिस्क इमेज बाहेरून डाउनलोड होतात. दोन टेस्ट एकाच वेळी तीच फाइल त्याच फोल्डरमध्ये उतरवू लागल्या किंवा डिस्क भरली, तर अर्धवट फाइल उरते आणि पुढच्या सगळ्या रनला तीच वापरली जाते. एमडी५ (फाइलचा चेकसम) जुळवा, जुळला नाही तर फाइल काढून टाकून पुन्हा उतरवा. आउटपुट फोल्डर न दिल्यास जेम५ एम५आउट मध्ये लिहितो, म्हणून हाताने समांतर चालवताना प्रत्येक रनला वेगळं फोल्डर द्या, नाहीतर एकाचे स्टॅट्स दुसरा पुसतो.

६. होस्टचं वातावरण आत झिरपतं आहे का?

'माझ्याकडे पास, सर्व्हरवर फेल' या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं. कारण इतकं क्षुल्लक असतं की आधी विश्वास बसत नाही.

सिस्टिम कॉल एम्युलेशन मोडमध्ये गेस्ट प्रोग्रॅमचा सुरुवातीचा स्टॅक जेम५ स्वतः रचतो. त्यात आर्ग्युमेंट, एन्व्हायर्नमेंट आणि प्रोग्रॅमच्या फाइलचा पत्ता असतो. एका मशीनवर हा पत्ता लहान आणि सर्व्हरवर चार फोल्डर खोल असेल तर स्टॅक पॉइंटर वेगळ्या ठिकाणी पडतो, स्टॅकवरची व्हेरिएबल वेगळ्या कॅशे सेटमध्ये जातात आणि मिसची संख्या बदलते. प्रोग्रॅम तोच, सूचना जवळजवळ तेवढ्याच, टिक वेगळे. स्टॅक ठरावीक सीमेवर जुळवला जात असल्यामुळे पत्त्यातलं एखादं जास्तीचं अक्षर कधी पचून जातं आणि कधी सीमा ओलांडतं. म्हणून हा दोष लहरी वाटतो. पडताळणी सोपी: त्याच मशीनवर टेस्टचा प्रोग्रॅम लांबलचक नावाच्या फोल्डरमध्ये कॉपी करून चालवा. आकडे हलले तर संशय खरा. उपाय म्हणजे सगळीकडे एकच ठरलेला पत्ता वापरणं, कंटेनरमध्ये असेल तर उत्तमच.

वेळेबाबत मात्र जेम५ मुळात सावध आहे. या मोडमध्ये गेस्टला दिसणारं घड्याळ १९७० पासूनच्या १,००,००,००,००० व्या सेकंदाला, म्हणजे सप्टेंबर २००१ मध्ये सुरू होतं, आणि एक्स८६ फुल सिस्टिमचं घड्याळ डिफॉल्टने १ जानेवारी २०१२ दाखवतं. त्या घड्याळाला 'नाउ' ही किंमत देण्याची सोय आहे. कोणी ती वापरली असेल तर टेस्टचा निकाल दर रनला बदलू शकतो. कॉन्फिग फाइलमध्ये शोधा. गेस्टने उघडलेली साधी फाइल थेट होस्टवरून वाचली जाते, तेव्हा तिचा मजकूर दोन मशीनवर वेगळा नाही ना, तेही पाहून घ्या.

७. मेमरीच्या पत्त्यांचं यादृच्छिकीकरण (रँडमायझेशन) बंद करून पाहा

लिनक्स दर रनला प्रोसेसची मेमरी वेगळ्या पत्त्यावर मांडतो. सेटआर्च कमांडला मोठा आर हा पर्याय देऊन जेम५ चालवलं की त्या रनपुरतं हे बंद होतं. चालू ठेवून दहा रन, बंद ठेवून दहा रन घ्या.

बंद केल्यावर आकडे स्थिर झाले, तर सिम्युलेटरमध्ये कुठेतरी पॉइंटरच्या किमतीवर क्रम ठरतो आहे. पॉइंटर हीच की असलेला मॅप किंवा सेट, आणि त्यावर फिरणारा लूप: नव्वद टक्के शोध इथे संपतो असं म्हणायला हरकत नाही. हॅश टेबलमध्ये नुसता शोध घेतला तर धोका नाही. त्यावर लूप फिरवून घटना रांगेत टाकल्या की त्याच टिकवरच्या समान प्राधान्याच्या घटनांचा क्रम बदलतो आणि पुढचं सगळं घसरतं. की म्हणून ऑब्जेक्टचा क्रमांक किंवा नाव वापरा.

बंद करूनही आकडे हलत असतील तर न भरलेलं व्हेरिएबल, एकाहून जास्त होस्ट थ्रेड, किंवा होस्टची वेळ, हे तीन संशयित. पहिल्यासाठी पुढची पायरी. आणि हो, सीआयवर हे यादृच्छिकीकरण कायमचं बंद करू नका. तेच तर तुम्हाला फुकटात दोष दाखवतं आहे.

८. व्हॅलग्राइंड (मेमरीच्या चुका पकडणारं साधन)

अॅड्रेस सॅनिटायझर बिल्ड सोपं आहे, एस्कॉन्सला एक पर्याय दिला की झालं; पण ते सीमेबाहेरचं वाचन आणि सोडून दिलेल्या मेमरीचा वापर पकडतं, न भरलेलं व्हेरिएबल पकडत नाही. क्लँग कंपायलरचा मेमरी सॅनिटायझर पकडतो, पण त्यासाठी पायथनसकट सगळ्या लायब्ररी त्याच पद्धतीने बिल्ड कराव्या लागतात. एवढा खटाटोप करण्यापेक्षा व्हॅलग्राइंड बरा.

डीबग बिल्ड घ्या, टीसीमॅलॉक (मेमरी वाटप करणारी लायब्ररी) शिवाय बिल्ड करा, कारण ते असलं तर व्हॅलग्राइंडला मेमरीचे व्यवहार नीट दिसत नाहीत. पायथनच्या खोट्या तक्रारी दडपणारी फाइल जेम५ च्या युटिल फोल्डरमध्ये आहे, ती द्या. ट्रॅक-ओरिजिन्स चालू ठेवा म्हणजे न भरलेली किंमत कुठे जन्मली ते कळतं. वेग वीस-तीस पटीने पडतो, म्हणून 'हेलो वर्ल्ड' एवढ्या छोट्या प्रोग्रॅमवरच चालवा. कन्स्ट्रक्टरच्या यादीत भरायचा राहिलेला एखादा बुलियन ही इथली ठरलेली शिकार.

९. कंपायलर किंवा होस्ट बदलल्यावरच फेल

प्रत्येक मशीनवर आकडे स्थिर आहेत, पण दोन मशीनचे एकमेकांशी जुळत नाहीत: हा वेगळा रोग आहे. चार जागा पाहा.

एकाच फंक्शनच्या दोन आर्ग्युमेंटमध्ये दोन रँडम कॉल असतील, तर आधी कोणता होईल हे सी++ ठरवून देत नाही. क्लँग डावीकडून जातो, जीसीसी बहुधा उजवीकडून. कॉल वेगळ्या ओळींवर घ्या.

मर्सेन ट्विस्टर या रँडम जनरेटरचा क्रम स्टँडर्डने पक्का बांधलेला आहे, पण त्यावरून ठरावीक मर्यादेतला आकडा काढणारं युनिफॉर्म डिस्ट्रिब्युशन बांधलेलं नाही. सीड तोच असूनही दोन लायब्ररी वेगळे आकडे देऊ शकतात. आणि अनेक घटक मिळून एकच रँडम जनरेटर वापरत असतील तर एका घटकात वाढलेला एक कॉल बाकी सगळ्यांचा क्रम सरकवतो. अशा वेळी प्रत्येक घटकाला आपला जनरेटर द्या.

साधा सॉर्ट समान किमतींचा क्रम राखत नाही, स्टेबल सॉर्ट राखतो.

शेवटचं, दशांशांतला फरक. एआर्च६४ (६४-बिट आर्म) होस्टवर गुणाकार-बेरीज एकत्र करणारी सूचना मुळातच असते आणि जीसीसी ती डिफॉल्टने वापरतो. साध्या एक्स८६-६४ बिल्डमध्ये ती नसते. एकत्र सूचनेत राउंडिंग एकदाच होतं, म्हणून शेवटचे अंक वेगळे येतात. हा फरक फक्त छापल्या जाणाऱ्या सरासरीत असेल तर तुलनेत थोडी सूट द्या. पण दशांशातली किंमत पुढे टिकमध्ये बदलली जात असेल तर सूट देऊ नका. ते गणित पूर्णांकात आणा.

१०. पहिला वेगळा टिक शोधा

इथून पुढे वेळ लागतो. आधी सीपीयू मॉडेल एकेक पायरीने बदला: अॅटॉमिक, टायमिंग, मग मायनर किंवा ओ३ (साध्यापासून गुंतागुंतीच्या मॉडेलकडे). अॅटॉमिकवरच फेल असेल तर सूचनांच्या अंमलबजावणीत दोष. टायमिंगपासून सुरू झाला तर मेमरीच्या विनंत्या-उत्तरांत. फक्त ओ३ वर असेल तर पाइपलाइनमध्ये, बहुधा चुकीच्या वाटेवरच्या सूचना पुसताना. फक्त रुबी (जेम५ चं तपशीलवार कॅशे मॉडेल) मेमरीबरोबर असेल तर कोहेरन्स प्रोटोकॉल (कॅशेंमधला डेटा जुळता ठेवणारे नियम).

मग राबवलेली प्रत्येक सूचना छापणारा एक्झेक हा डीबग फ्लॅग लावून दोन रनचे ट्रेस ताडून पाहा. ट्रेस फाइलमध्ये लिहू नका, डिस्क बघता बघता भरते. युटिलमधली ट्रेसडिफ स्क्रिप्ट दोन्ही सिम्युलेशन एकाच वेळी चालवून जिथे फरक पडतो तेवढंच दाखवते. पहिला वेगळा टिक मिळाला की डीबग-स्टार्ट या पर्यायाला त्याच्या थोडं आधीचा टिक द्या आणि मग कॅशे, ओ३ किंवा रुबीचे फ्लॅग वाढवा. सगळे फ्लॅग सुरुवातीपासून लावणाऱ्याला गिगाबाइटांमध्ये हरवायला होतं.

११. गिट बायसेक्ट (कमिटांची यादी अर्धी-अर्धी करत दोषी कमिट शोधणं)

हजार कमिटांतून दोषी शोधायला साधारण दहा पायऱ्या लागतात, पण प्रत्येक पायरीला बिल्ड आहे, म्हणून हे शेवटी. दोन खाचखळगे आहेत. बायसेक्ट रनला १ ते १२७ मधला कोड 'वाईट' वाटतो, १२५ म्हणजे 'हा कमिट सोडा', आणि १२७ च्या वरचा कोड आला की तो शोधच थांबवतो. जेम५ कोसळला की १३४ किंवा १३९ येतो! म्हणून छोटी शेल स्क्रिप्ट मध्ये घाला: बिल्ड फसलं तर १२५, टेस्ट कशीही फसली तर १.

दुसरं, कधीमधी फेल होणारी टेस्ट एकदा पास झाली म्हणून कमिट चांगला ठरत नाही. पाचात एकदा फेल होणारी टेस्ट सलग वीस वेळा पास व्हायची शक्यता सुमारे १ टक्का. तेवढे रन झाल्यावरच 'चांगला' म्हणा.

कुठे थांबायचं

एकाच मशीनवर दोष, दर वेळी वेगळ्या जागी, यादृच्छिकीकरण बंद असतानाही. आणि तीच बायनरी दुसऱ्या मशीनवर शांत. कोड सोडा. डीमेसेजमध्ये मेमरी किंवा मशीन चेकच्या नोंदी पाहा आणि मशीन सिस्टिम अॅडमिनकडे द्या. रात्रभर मेमटेस्ट चालवणं आणि रॅम बदलणं हे त्यांचं काम.

केव्हीएम सीपीयूच्या टेस्ट खऱ्या प्रोसेसरवर चालतात. त्यांचे टिक जुळवायचा हट्टच चूक. गेस्ट बूट झाला की नाही एवढंच तपासा. परवानगीची अडचण आली तर सामायिक सर्व्हरवर पर्फ इव्हेंटची (प्रोसेसरच्या मोजणीची) सुरक्षा स्वतः सैल करू नका, अॅडमिनला सांगा.

रुबीमध्ये 'पॉसिबल डेडलॉक' आला तर तो सीक्वेन्सरच्या (सीपीयूच्या विनंत्या रुबीकडे देणाऱ्या भागाच्या) वाट पाहण्याच्या मर्यादेतून येतो, डिफॉल्टने ५,००,००० सायकल. मर्यादा दुप्पट करून पाहा. दुप्पट केल्यावर टेस्ट पूर्ण झाली तर नुसती संथ होती. पुन्हा तिथेच अडकली तर प्रोटोकॉलच्या मधल्या अवस्थांमध्ये शर्यत आहे. रुबीचा रँडम टेस्टर चालवून अपयश पुन्हा घडवता येतं का पाहा आणि तिथेच हात थांबवा. एसएलआयसीसी (रुबीचे प्रोटोकॉल लिहायची भाषा) ची अवस्था-सारणी ओळखीची नसताना एक संक्रमण 'दुरुस्त' केलं की दुसरीकडे डेटा हरवतो, आणि तो कोणत्याच टेस्टमध्ये लगेच दिसत नाही. मेंटेनर्स फाइलमध्ये कोणता विभाग कोणाकडे हे दिलेलं आहे, त्यांच्याकडे पाठवा.

पाठवताना द्या: कमिटचा हॅश, बिल्डची पूर्ण कमांड, कंपायलरची आवृत्ती, जेम५ चालवल्याची कमांड, दोन्ही कॉन्फिग.आयएनआय, पहिला वेगळा टिक आणि त्याच्या आधीनंतरच्या पन्नासेक ओळी दोन्ही ट्रेसमधून. किती रनपैकी किती फेल, तेही लिहा. पूर्ण ट्रेस जोडू नका, तो कोणी उघडत नाही.